फिलर करून घरी आलात, आता पंधरा दिवस काय सांभाळायचं

मी पणजीत एका स्किन क्लिनिकमध्ये बरीच वर्षं सिस्टर होते, आता फोंड्याला घरीच असते, पण ओळखीतल्या पोरींचे फोन अजून येतात आणि दहातले नऊ फोन एकाच गोष्टीसाठी, "ताई ओठ फुग्यासारखे झालेत, काही बिघडलं का?" काही बिघडलेलं नसतं, फिलर, म्हणजे ओठ-गाल भरायचं जेल, टोचलं की ओठ सुजतातच. जिने खरंच फोन करायला हवा होता ती मात्र गप्प घरात बसलेली असते, कारण तिने घरी सांगितलेलंच नसतं. सासू विचारते, "तोंडाक कितें जालें गो?" की हिचं उत्तर तयार, सुंगटं, म्हणजे कोलंबी, बाधली. गोव्यात सुंगटांनी जेवढ्या जणींचे ओठ सुजवलेत तेवढी सुंगटं मांडवीत तरी असतील का माहीत नाही.

म्हणून हे पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी लिहितेय, पोरींसाठी आणि पोरांसाठीपण, कारण हल्ली जॉलाइनला, म्हणजे जबड्याच्या कडेला फिलर करायला, मुलगेही येतात आणि ते तर बायकोलासुद्धा सांगत नाहीत. तुमच्या डॉक्टरने काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, त्यांनी तुमचा चेहरा बघितलाय, मी नाही.

आधी थोडक्यात, आत काय घातलंय ते. बहुतेक फिलर हायलुरॉनिक ॲसिडचे असतात, पारदर्शक जेल, जुवेडर्म, रेस्टिलेन वगैरे नावं ऐकली असतील. एका सिरिंजमध्ये साधारण १ मिली, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग, एवढंच. अमेरिकेत हा प्रकार २००३ मध्ये मंजूर झाला, त्याआधी १९८१ पासून गाईच्या कोलॅजनचा फिलर होता आणि त्याची ॲलर्जी टेस्ट आधी करावी लागायची. हायलुरॉनिकवाल्याचा मोठा फायदा म्हणजे गडबड झाली तर तो विरघळवता येतो, हायलुरोनिडेज नावाचं इंजेक्शन असतं त्याचं. कॅल्शियमवाले फिलर असे विरघळत नाहीत. म्हणून आपल्यात नक्की काय टोचलंय हे माहीत असणं म्हणजे नुसती चौकशी नव्हे, पुढे काही झालं तर इलाज त्यावरच ठरतो.

क्लिनिकमधून निघण्याआधी

खुर्चीवरून उठलात की लगेच पर्स उचलून पळू नका. सिरिंज सीलबंद होती ना, तुमच्यासमोर उघडली ना, हे खरं तर आधीच बघायचं, पण निदान निघताना बॉक्सचा फोटो काढा. बॉक्समध्ये लॉट नंबरचे छोटे स्टिकर असतात, एक फाइलला लागतो, एक तुम्ही मागून घ्या, कोणी नाही म्हणत नाही. म्हणालंच तर तेच लक्षात ठेवा. उरलेला फिलर फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या टच-अपला वापरू असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, आणि मैत्रिणीबरोबर एक सिरिंज अर्धी-अर्धी करायची आयडिया तर अजिबात नको, पैसे वाचवायला दुसरं काहीतरी शोधा.

दुसरं, रात्री कोण फोन उचलणार? रिसेप्शनचा नंबर सात वाजता बंद होतो. ज्याने टोचलं त्या डॉक्टरचा किंवा त्यांच्या जागी जो असेल त्याचा मोबाइल नंबर घ्या, सेव्ह करा, आणि हायलुरोनिडेज क्लिनिकमध्ये ठेवलेलं आहे का हे सरळ विचारा. विचारताना लाज वाटते, मला माहितीये, पण चांगला डॉक्टर या प्रश्नाने खूश होतो. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून कधी अंगभर सूज आली असेल, श्वास अडकला असेल, तर तेही इथेच सांगा, कारण त्या विषातही याच जातीचं एंझाइम असतं.

सीझनमध्ये किनाऱ्याकडे हॉटेलच्या खोलीत, कुणाच्या व्हिलात येऊन टोचून जाणारे लोक असतात, दोन दिवसांनी ते दुसऱ्याच देशात. पार्लरमध्ये सुईशिवायचं हायलुरॉन पेन पण दाखवतात, जेल दाबाने कातडीत घुसवायचं, त्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं तपासणाऱ्या सरकारी खात्याने, २०२१ मध्येच लोकांना सावध केलं होतं. अशा ठिकाणी तुम्ही गेलाच असाल तर मी ओरडणार नाही, पण मग खालचं सगळं दोनदा वाचा.

तिसरं, घरात एका माणसाला सांगा. सगळ्या वाड्याला नको, एकालाच, बहिणीला, नवऱ्याला, रूममेटला. तुमचा चेहरा बघायला तुमच्याशिवाय अजून दोन डोळे पाहिजेत.

पहिला दिवस

हात लावू नका. एवढंच पाळलंत तरी निम्मं काम झालं. टोचलेल्या जागी बारीक भोकं असतात, ती बंद होईपर्यंत लिपस्टिक नाही, फाउंडेशन नाही, शक्यतो पूर्ण २४ तास. चेहरा साध्या पाण्याने हलका धुवायचा, पुसताना चोळायचं नाही, टिपायचं. आणि आजीला सांगितलंत तर ती खोबरेल तेल घेऊन येणार, "थोडं चोळलं की गाठ बसते", नको, डॉक्टरने स्वतः दाखवून चोळायला सांगितलं असेल तरच. हळदीचा लेपही नको.

बर्फ चालतो, पण धुतलेल्या रुमालात गुंडाळून, पाच-दहा मिनिटं, मग थांबायचं. आपल्याकडे फ्रीझरमध्ये बांगडा माशांच्या शेजारी जो बर्फ असतो तो काढून थेट ओठांवर लावलेली मी बघितलीये, वास तर सोडाच, जंतू बघा. आणि त्वचा पांढरी पडलीये किंवा खूप दुखतंय असं वाटत असेल तर बर्फ लावायचाच नाही, का ते खाली सांगते.

दुखलं तर पॅरासिटामोल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन वगैरे आपल्या मनाने नको, त्याने निळं जास्त पडतं, फिश ऑइल आणि व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूलपण तशाच. पण थांबा, हार्टसाठी किंवा स्ट्रोकनंतर डॉक्टरने रक्त पातळ करायची गोळी चालू केली असेल तर ती स्वतःहून बंद करायची नाही, एक निळा डाग आला तर आला.

दारू निदान २४ तास नाही. मार्च ते मे हुर्राकचा, म्हणजे काजूच्या दारूचा, मोसम असतो, घरोघरी बाटली येते, एक ग्लासाने काय होतं असं वाटतं, सूज आणि निळेपणा होतो. ओठांना फिलर असेल तर खाण्याचं सोपं आहे, पेज, कोमट, त्याबरोबर सोलकढी. गरम चहा थोडा थंड करून घ्या, कारण ओठ बधिर असतात, भाजलेलं कळत नाही, चावलं गेलेलंपण कळत नाही. शागुती, झणझणीत हुमण दोन दिवसांनी खा, कुठे पळून जात नाही. शहाळं ग्लासात ओतून प्या, स्ट्रॉ ओढताना ओठ आवळले जातात. पदेराची, म्हणजे पाववाल्याची, कडक कांकणं (बांगडीसारखे पाव) सुद्धा या दिवशी ओठ ताणून फोडत बसू नका.

घरी कसं जायचं? ही गोष्ट कुठल्याच कागदावर नसते पण गोव्यात सगळ्यात जास्त लागते. तुम्ही स्कूटरवर आलेले असता, गालाला, हनुवटीला फिलर झालाय, आणि आता तो फुल-फेस हेल्मेट गालांवर दाबून बसवायचा आणि पणजीहून म्हापशाला जायचं. नको. आणि त्यावर उपाय म्हणून हेल्मेट न घालता जाणं तर मुळीच नाही. कदंबची बस पकडा, कोणाला तरी गाडी घेऊन बोलवा, स्कूटर उद्या न्या. पुढचे काही दिवस तुम्हालाच बाइक चालवायची असेल तर हा विचार अपॉइंटमेंटच्या आधी करा.

रात्री दोन उशा, उताणं झोपायचं, एक-दोन रात्री. ज्यांना पालथं झोपायची सवय आहे त्यांनी दोन्ही बाजूंना लोड लावावेत. नाकाला फिलर केला असेल तर जड चष्मा नाकावर किती दिवस नको ते विचारून घ्या, एक-दोन आठवडे सांगतात.

रंग बघायचा, सूज नाही

आता खरा मुद्दा, इथे सावकाश वाचा.

फिलरमध्ये घाबरायची गोष्ट एकच मोठी आहे, जेल चुकून रक्तवाहिनीत जाणं किंवा बाहेरून वाहिनीला दाबणं. मग त्या वाहिनीवर जगणाऱ्या त्वचेला रक्त मिळत नाही. क्वचित होतं, चांगल्या हातांनीही होतं, म्हणून डॉक्टर बघून निवडला म्हणजे आपण सुटलो असं नाही. बहुतेक वेळा ते खुर्चीतच दिसतं, पण काही वेळा घरी गेल्यावर, सूज वाढल्यावर, दुसऱ्या दिवशीसुद्धा. आणि फिलरमध्ये बऱ्याचदा भुलीचं लिग्नोकेन मिसळलेलं असतं, वर क्रीमही लावलेलं असतं, म्हणजे सुरुवातीचे काही तास दुखणारी जागा दुखतच नाही. दुखलं नाही म्हणजे ठीक आहे असं धरू नका.

मी पोरींना हे करायला लावायचे, संध्याकाळी एकदा, झोपायच्या आधी एकदा, सकाळी उठल्यावर एकदा. खिडकीच्या उजेडात किंवा पांढऱ्या लाइटखाली उभं राहा, पिवळा बल्ब नको. टोचलेल्या भागावर आणि त्याच्या आजूबाजूला बोटाने हलकं दाबा, पाच सेकंद, सोडा. दाबलेली जागा फिकी होते आणि साधारण दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. मग दुसऱ्या बाजूला तसंच करून बघा. एका बाजूला रंग रेंगाळत येत असेल किंवा येतच नसेल तर खूण वाईट आहे. आपल्या सावळ्या कातडीवर पांढरेपणा इंग्रजी व्हिडिओत दाखवतात तसा ठळक दिसत नाही, म्हणून ओठ उलटून आतली बाजू बघा, हिरडी बघा, तिथे रंग लपत नाही. रोज एकाच जागी उभं राहून फोटो काढला तर फरक कळतो.

काय काय दिसलं तर लगेच फोन: त्वचा फिकी किंवा राखाडी, जाळीसारखी जांभळट नक्षी, वाढत जाणारं दुखणं जे सुजेच्या मानाने फारच जास्त आहे, जागा थंड लागणं. आणि एक विचित्र गोष्ट, ओठाला टोचलं पण रंग बदललाय नाकाच्या बाजूला, असं होऊ शकतं कारण वाहिनी पुढे तिकडे जाते. साधा निळा डाग टोचल्या जागीच असतो, दाबलं की दुखतो, आठवडाभरात हिरवा-पिवळा होत जातो. जाळीदार नक्षी तशी वागत नाही.

दोन-तीन दिवसांनी त्या जागी बारीक पांढऱ्या पुळ्या येतात आणि इथे लोक हमखास फसतात, पिंपल समजून टूथपेस्ट लावतात. एकीने मला फोटो पाठवला तो चौथ्या दिवशी, वर लिहिलेलं, "सॉरी ताई उगाच त्रास देतेय." आदल्या तीन रात्री तिला झोप लागली नव्हती दुखण्याने. घरात सगळ्यांना सुंगटं सांगितलेली, आईने ॲलर्जीची गोळी दिलेली, हिनेही घेतलेली. त्वचा वाचली बरीचशी, पण नाकाशेजारी वण राहिलाय.

फोन केल्यावर डॉक्टर बोलावतील आणि हायलुरोनिडेज देतील, कधीकधी दर तासाला पुन्हा पुन्हा, रंग येईपर्यंत. जितकं लवकर तितकं बरं, पहिल्या दिवसात झालं तर चांगलंच. जाईपर्यंत बर्फ बंद, कारण गारव्याने वाहिन्या अजून आकसतात, कोमट कापड चालेल. बाकी घरी काही करायचं नाही. डॉक्टर फोन उचलत नसतील तर सकाळची वाट बघू नका, बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, कॅज्युअल्टीत जा, स्टिकरचा फोटो दाखवा आणि पहिल्या वाक्यात सांगा की फिलर केलाय, किती वाजता, कुठे. तिथे जाऊन सुंगटं सांगितलीत तर तो बिचारा डॉक्टर सुंगटांवरच उपचार करणार ना. हेच इंजेक्शन डोळ्यांच्या ऑपरेशनच्या भुलीतही वापरतात, म्हणजे हे औषध फक्त ब्युटीवाल्यांकडे असतं असं नाही.

काणकोण, सत्तरी, पेडण्याच्या आतल्या गावातून आला असाल तर पहिली रात्र शक्यतो पणजी-मडगावच्या जवळपास काढा.

आता १०८. टोचताना किंवा नंतर अचानक दिसेनासं झालं, एका डोळ्यासमोर अंधार, दोन-दोन दिसणं, डोळ्यात भयंकर कळ, पापणी पडणं, बोलताना जीभ अडखळणं, हातात ताकद नसणं, तर एक सेकंद घालवायचा नाही. नाक आणि दोन भुवयांमधली जागा यासाठी सगळ्यात जोखमीची, तिथल्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांना जोडलेल्या आहेत. डोळ्याच्या पडद्याला रक्त नसेल तर हिशेब मिनिटांचा असतो. तसंच जीभ, घसा सुजणं, श्वास लागणं, अंगभर पित्त उठणं, ही खरी ॲलर्जी, तेव्हाही १०८.

दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, मग उतरते. सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. ज्या कुशीवर झोपलात ती बाजू मोठी दिसते. ओठ वाकडे दिसतात म्हणून चौथ्या दिवशी रडत फोन येतात, दोन आठवडे होईपर्यंत मी कोणाला मत देत नाही.

जिम, पळणं, झुंबा दोन दिवस बंद. ऊन, वाफ, सॉना नको. आणि वाफ म्हटली की लोकांना स्पा आठवतो, मला चवथीचं, म्हणजे गणपतीतलं, स्वयंपाकघर आठवतं. चवथीच्या चार दिवस आधी फिलर करायचा आणि मग उकळत्या तेलासमोर तीन तास नेवऱ्या (करंज्या) तळत उभं राहायचं, चेहरा सुजणार नाही तर काय. शिरगावच्या जत्रेत होमकुंडाजवळ उभं राहायचंय, शिगम्यात गुलाल खेळायचाय, सांजावाला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, विहिरीत उडी मारायचीये, तर तारीख त्याच्या निदान तीन आठवडे आधीची घ्या, किंवा नंतरची. लग्नातल्या नवरीने तर महिनाभर आधी, कारण काही दुरुस्ती करायची झाली तर वेळ हातात पाहिजे.

समुद्र, पूल, झरे, दोन दिवस तरी नको, टोचलेली भोकं आणि ते पाणी यांची गाठ घालू नका. बीचवर बसायचं असेल तर सावलीत, सनस्क्रीन दुसऱ्या दिवसापासून हलक्या हाताने. विमानाचं म्हणाल तर सकाळी फिलर आणि संध्याकाळी मोपावरून फ्लाइट असं करणारे टुरिस्ट असतात, मी दोन दिवस थांबायला सांगायचे. हवेच्या दाबापेक्षा मला भीती ही की रंग बदलला तेव्हा तुम्ही ढगात असाल आणि उतरल्यावर ज्या गावात असाल तिथे तुम्हाला कोणी ओळखत नसेल.

फेशियल, फेस मसाज, लेझर दोन आठवडे नाही. ओठाला केलं असेल तर अप्परलिप थ्रेडिंग आठवडाभर विसरा. दात साफ करणं, रूट कॅनाल वगैरे फिलरच्या दोन आठवडे आधी-नंतर टाळा, तोंडातले जंतू रक्तातून तिथे जाऊन बसायला नकोत, शिवाय डेंटिस्ट तोंड ताणतो ते वेगळंच. पण दातात पू झाला तर थांबायचं नाही, दोन्ही डॉक्टरांना सांगून करून घ्यायचं.

ज्यांना ओठावर ताप-पुळी उठते, ती हर्पिस, त्यांना फिलरनंतर पुन्हा उठू शकते. हे आधी सांगितलं तर डॉक्टर गोळी देऊन ठेवतात. नंतर उठलीच तर मिरमिरून पाण्याच्या फोडांचा घोस येतो, तेव्हाही फोन.

तीन-चार दिवसांनंतर लाली उतरायच्या ऐवजी वाढत असेल, जागा गरम, ठणकतेय, ताप, तर इन्फेक्शन धरा आणि दाखवा, घरातली उरलेली अँटिबायोटिक खाऊ नका. डोळ्याखाली निळसर झाक दिसली तर जेल फार वर बसलंय, ते धोक्याचं नाही, पण क्रीमने जात नाही, विरघळवायला लागतं.

त्यानंतरचे महिने

बोटाला लागणाऱ्या बारीक गाठी पहिल्या दोन आठवड्यांत असतात आणि मऊ होतात. पण तीन-चार महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा, अचानक एक जागा कडक आणि लाल होते. बऱ्याचदा त्याच्या आधी सर्दी-ताप, दाताचं दुखणं किंवा लस झालेली असते. २०२० मध्ये मॉडर्नाच्या कोविड लशीच्या चाचणीतसुद्धा फिलर असलेल्या मोजक्या लोकांचे चेहरे सुजले होते, तो आपलाच प्रतिकार जागा होतो आणि बहुतेकदा औषधाने आटोक्यात येतो. म्हणून लस टाळायची नाही, फिलर आणि लस यांच्यात दोनेक आठवडे ठेवायचे एवढंच. अशी गाठ पिळायची नाही, पार्लरमध्ये दाबून घ्यायची नाही.

डेंटिस्टच्या फॉर्मवर, चेहऱ्याच्या सोनोग्राफीला गेलात तर तिथे, फिलर असल्याचं लिहा, कुठला, कधी. बॉक्सच्या स्टिकरचा तो फोटो मोबाइल बदलताना हरवतो, म्हणून ज्या एका माणसाला सांगितलंय ना, त्याला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा.